बेंदूर रंगवून शिकवताना

ताई, बालवाडीत बेंदूर, म्हणजे आपला बैलांचा सण, शिकवायचा तर आधी चित्र सोपं करा. बाजारच्या रंगवहीतला बैल बारीक नक्षीने भरलेला असतो, चार वर्षांचं पोर दोन मिनिटांत कंटाळतं. एका ए-फोर कागदावर एकच बैल, जाड स्केचपेनच्या रेघेचा. रंगवायच्या जागा पाचच: शिंगं, वशिंड (पाठीवरचा उंचवटा), झूल, गळ्यातली घुंगरमाळ, कपाळावरचा गोंडा. एक जागा रंगवून झाली की तिचं नाव मुलांकडून म्हणवून घ्या, मगच पुढची. वशिंड हा शब्द शहरातल्या पोरांना हमखास नवा असतो. शिंगांना लाल द्या, बैलाच्या शिंगांना लावतात त्या लाल हुरमुंजाची आठवण म्हणून. बैल मात्र निळा केला तरी टोकू नका.

वीस मिनिटांच्या वर ताणू नका. मेणखडू जाडेच घ्या, बारीक मोडतात. मेणावर पाण्याचा रंग बसत नाही, तेव्हा दोन्ही एकत्र देऊ नका.

दुसऱ्या दिवशी कुंभाराकडची मातीची बैलजोडी. कच्च्या मातीवर ओला ब्रश घासला की माती विरघळून रंग गढूळ होतो, आणि पहिलं शिंगच तुटतं. पोस्टर कलर दाट ठेवा, ब्रश फडक्याला टिपून द्या, आणि पांढरा हात आदल्या दिवशी तुम्हीच मारून वाळवा. चार मुलांत एक जोडी पुरते.

आणि घरून कुणी विचारेलच, पोळा तर श्रावणात ना? आपल्याकडे बेंदूर आषाढात, कर्नाटकी बेंदूर त्याआधी ज्येष्ठात. बैल तोच, पुरणपोळीचा घासही तोच.