सशाचं पिल्लू घरी आणलंय?

प्रश्न: पाच आठवड्यांचं सशाचं पिल्लू बाजारातून आणून चार दिवस झाले. गाजर, कोबी आवडीने खातं, पण कालपासून पातळ होतंय. काही घरगुती उपाय? (सांगली)

उत्तर: घरगुती उपाय नको, आजच पशुवैद्याकडे न्या. एवढंसं पिल्लू जुलाबाने दिवसभरातही हातचं जाऊ शकतं. ताजी विष्ठा डबीत घालून न्या. कॉक्सिडिया हे परजीवी या वयात वारंवार आढळतात आणि तपासणीत कळतात. माणसांची औषधं अजिबात देऊ नका. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतं आणि सशाच्या जिवावर उठतं.

गाजर-कोबी बंद करा, पण पिल्लाला उपाशी ठेवू नका. सुकं गवत आणि पाणी कायम समोर हवं. पाणी जड वाडग्यात ठेवा, म्हणजे सांडणार नाही.

खरं तर आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत पिल्लू आईपासून तोडूच नये. मोठ्या सशाच्या जठरातल्या तीव्र आम्लात जंतू मरतात. पिल्लाचं आम्ल अजून तेवढं तीव्र नसतं. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत जिवाणूंचं विरजण नुकतं लागत असतं. त्यात गाजराची साखर पडली की ते बिघडतं. (गाजर म्हणजे सशाचं जेवण, ही चित्रातली समजूत.)

बरं झाल्यावरही पिल्लू १२ आठवड्यांचं होईपर्यंत सुकं गवत, पेलेट (सशाच्या तयार खाद्याच्या गोळ्या) आणि पाणी एवढंच. पेलेट विकणारा घालत होता तेच द्या. बदलायचे तर ७ ते १० दिवसांत थोडे थोडे मिसळत. सुक्या गवतात वाळवलेला लसूणघास (अल्फाल्फा) सहा महिन्यांपर्यंत चालतो. पुढे त्यातलं कॅल्शियम जास्त होतं, म्हणून साध्या सुक्या गवतावर आणा आणि पेलेट सशाच्या वजनाच्या किलोमागे रोज सुमारे २५ ग्रॅमवर. हरळी स्वतः कापणार असाल तर फवारणी नसलेल्या जागेतली घ्या. लॉन कापायच्या यंत्रातला चुरा नको, तो तासाभरात तापून आंबू लागतो. १२ आठवड्यांनंतर एका वेळी एकच पाला: कोथिंबिरीच्या दोन काड्या, मग तीन दिवस लेंड्यांवर नजर.

प्रश्न: ससा स्वतःचीच विष्ठा खातो. सवय कशी मोडू? (ठाणे)

उत्तर: मोडू नका. त्या मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या वेगळ्या असतात. त्यांतून त्याला ब जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात. त्या खाली पडून राहू लागल्या, तर मात्र पेलेट जास्त होताहेत किंवा गवत कमी पडतंय. आणि गोल, कोरड्या लेंड्या थांबल्या, १२ तास ससा काहीच खात नसेल, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा.

प्रश्न: उन्हाळ्यात आंघोळ घालावी का? (नागपूर)

उत्तर: नको. भिजलेली फर लवकर वाळत नाही, आणि घाबरलेला ससा इतक्या जोरात लाथा झाडतो की त्याचा कणा मोडू शकतो. म्हणूनच उचलताना कान धरायचे नाहीत. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. खोली ३० अंशांच्या वर गेली की त्याला त्रास होतो, कारण घाम येत नाही. उष्णता मुख्यतः कानांतून जाते. फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली आणि बसायला ओली शहाबादी फरशी द्या. कान साध्या थंड पाण्याने पुसा, बर्फाच्या नको. पत्र्याखाली पिंजरा ठेवूच नका. कूलर चालेल, पण झोत थेट अंगावर नको आणि खिडकी उघडी हवी.

प्रश्न: दोन्ही माद्याच आहेत असं सांगून दिल्या. आता तीन महिन्यांच्या झाल्या. (कोल्हापूर)

उत्तर: लहानपणी ओळखताना विकणारेही फसतात. पशुवैद्याकडून खात्री होईपर्यंत दोघांना वेगळं ठेवा: साडेतीन-चार महिन्यांत गर्भ राहू शकतो, ३१ दिवसांत पिल्लं होतात आणि व्याल्यावर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. पिंजरे शेजारी असू द्या, मात्र मध्ये चार बोटं जागा हवी; जाळीतूनही ते चावतात.