पेडल्स नंतर, आधी पॉलिसी परत करा

प्रश्न: मी २९ वर्षांचा, हिंजवडीत नोकरी, राहायला कर्वेनगरला. हातात ५८ हजार येतात, सगळं भागून १५ हजार उरतात. आमचा चौघांचा बँड आहे, पुढच्या महिन्यात बाणेरच्या एका कॅफेत पहिला शो. मी गिटार वाजवतो. मला ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटल्यासारखा करणारं), डिले (प्रतिध्वनी देणारं), रिव्हर्ब (आवाज घुमवणारं) आणि ट्यूनर (सूर जुळवायला) अशी पायाने दाबायची चार पेडल्स घ्यायची आहेत. नवे चिनी क्लोन, म्हणजे नामांकित पेडल्सच्या नकला, घेतले तर सगळे मिळून १३ हजार, बॉस-आयबानेझ या नामांकित कंपन्यांची जुनी घेतली तर २४ हजार. जुन्यांची किंमत टिकते, म्हणजे ती गुंतवणूकच झाली ना? पैसे क्रेडिट कार्डावर देईन. कार्डावर १ लाख १० हजार बाकी आहेत, त्यातले ६० हजार नुकत्याच घेतलेल्या विमा पॉलिसीच्या हप्त्याचे. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, कार्डाने भरा, पॉइंट मिळतील. दरवर्षी ६० हजार भरले की २० वर्षांनी २२ लाख मिळतील. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, वेळेवर भरतो, त्यामुळे टेन्शन नाही. शो सुरू झाले की महिन्याला आठ-दहा हजार सुटतील. क्लोन घेऊ की सेकंडहँड?

उत्तर: तुमचं पत्र वाचून मी आधी तुम्हाला फोन केला, कारण त्यातली एक गोष्ट हे उत्तर प्रसिद्ध होईपर्यंत थांबण्यासारखी नव्हती. पॉलिसीची पीडीएफ ईमेलवर कधी आली, असं मी विचारलं. तुम्ही शोधून सांगितलंत, एकोणीस दिवस झाले. म्हणजे अकरा दिवस हातात आहेत.

पॉलिसीचा कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात आणि तो तुमचा हक्क आहे, कोणाची मेहरबानी नाही. तेवढ्या दिवसांचं जोखमीचं शुल्क, स्टँप ड्युटी आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी हप्ता परत मिळतो. अर्ज विमा कंपनीकडे लेखी द्यायचा, बँकेतल्या मॅडमकडे नाही. त्या 'दोन दिवस थांबा, मी बघते' म्हणतील आणि असे दोन-दोन दिवस करत मुदत निघून जाईल. ईमेल करा, शिवाय कंपनीच्या शाखेत जाऊन अर्जावर तारखेचा शिक्का घ्या. टाळाटाळ झाली तर इर्डाच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करा.

आता ही घाई कशासाठी, ते सांगतो. ६० हजार वर्षाला, २० वर्षं, शेवटी २२ लाख. हा परतावा साधारण साडेपाच टक्के पडतो. तोही हमीचा नाही. तुम्ही पाठवलेल्या तक्त्याच्या फोटोत पेनने गोल केलेला आकडा गुंतवणुकीवर, खर्च कापण्याआधी, ८ टक्के मिळतील असं धरलेल्या रकान्यातला आहे. शेजारीच ४ टक्क्यांचा रकाना आहे, त्यातली रक्कम कितीतरी कमी आहे. तिच्याभोवती गोल नाही, कारण ती दाखवली असती तर तुम्ही सही केली नसती. विमा म्हणाल तर फक्त ६ लाखांचा. तुमच्या वयाला एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा विमा, वर्षाला बारा-पंधरा हजारांत मिळतो आणि आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर तोच घ्यायचा.

त्यात हा हप्ता तुम्ही कार्डावर टाकलात. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२, वर व्याजावर १८ टक्के जीएसटी. साडेपाच टक्क्यांसाठी बेचाळीस टक्क्यांचं कर्ज! कार्डाने भरा, हा सल्ला देणाऱ्या बाईंचा मला मनापासून राग आला आहे.

मिनिमम ड्यूचं ऐका. तुम्ही महिन्याला साडेपाच हजार भरता. त्यातले साडेचार हजार व्याज आणि जीएसटीत जातात, मुद्दल हजाराने कमी होते. शिवाय बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, स्वाइप केल्या दिवसापासून मीटर चालू. आणि सेकंडहँड पेडल विकणारा कार्ड घेणार कसा? तो रोख किंवा यूपीआय मागणार. त्यासाठी कार्डावरून रोख काढलीत तर काढण्याचं शुल्क वेगळं.

पॉलिसीचे जवळपास ५८ हजार आले की त्याच दिवशी कार्डात भरा. उरतील ५२ हजार. खाली सांगतो त्या एका पेडलचे आणि ट्यूनरचे पैसे सोडून दर महिन्याचे १५ हजार तिथेच टाका, चार-पाच महिन्यांत कार्ड कोरं होईल. तोवर कार्ड कपाटात.

शोचे आठ-दहा हजार या हिशोबात मी धरलेले नाहीत, तुम्हीही धरू नका. पहिल्या वर्षी कॅफे जे देईल त्याचे चार वाटे होतील, आणि जॅमरूमचं, म्हणजे सरावाच्या खोलीचं, भाडं, रिक्षा, तारा त्यातूनच जातील. वाजवा जरूर, पण त्या पैशावर हप्ते बांधू नका.

आता पेडल्स. शोसाठी एकच घ्या, नवं क्लोन ओव्हरड्राइव्ह, तीनेक हजारांत, पगारातून रोख. हे क्लोन ज्याची नक्कल करतात त्या आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमर ओव्हरड्राइव्हचं सर्किट १९७९ च्या सुमाराचं, आत ४५५८ जातीची एक ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी) चिप, दोन डायोड आणि मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर. यात महाग काही नाही, म्हणून क्लोन आवाजाला जवळ जातो. तो मार खातो फूटस्विच, जॅक आणि डब्याच्या मजबुतीत. जॅक सैल झाला तर तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून नवा आणून डाग देऊन घ्या. ट्यूनर म्हणून हेडस्टॉकला, म्हणजे गिटारच्या खुंट्यांच्या टोकाला, लावायचा क्लिपवाला काही शेकड्यांत येतो.

डिले आणि रिव्हर्ब कार्ड फिटल्यावर, सेकंडहँड. बॉसचं डीडी-३ हे डिले पेडल १९८६ सालापासून लोकांच्या पायाखाली आहे, धातूचा डबा, सहसा मरत नाही. घेताना आपली गिटार, आपली तार घेऊन जा. प्रत्येक नॉब सावकाश फिरवा, खरखर आली तर पाचशे कमी करून मागा. स्विच वीसदा दाबा. बॅटरीचं झाकण उघडून हिरवा गंज बघा. सहा हजाराला घेतलेलं दोन वर्षांनी साडेपाचला विकलंत तर पाचशेत दोन वर्षं वाजवलंत, फार छान सौदा. पण ती गुंतवणूक नाही. अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्टचा, मधली पिन निगेटिव्ह, एवढं मात्र तपासून घ्या.

सोमवारी सकाळी ऑफिसला जाण्याआधी विमा कंपनीच्या शाखेत जा आणि शिक्का मारलेल्या अर्जाचा फोटो मला पाठवा.