मुलांना घेऊन कोल्हापूरहून मुंबईचं नेहरू विज्ञान केंद्र बघायला जाण्यात अर्थ आहे का?

तुम्ही इतिहास विचारलाय, काय काय बघण्यासारखं आहे तेही विचारलंय. पण प्रश्नाच्या शेवटी लिहिलंय, "मुलं नुसती बटणं दाबत फिरणार असतील तर एवढा खर्च करून काय उपयोग?" आधी त्याचं बोलतो, कारण हेच वाक्य मी शाळेत मास्तर असलेल्या आमच्या दाजींच्या तोंडून गेली अकरा वर्षं ऐकतोय.

मी उद्यमनगरात लेथवर असतो. आठवीत, 1992 साली, शाळेच्या सहलीतून वरळीच्या या केंद्रात गेलो होतो. सरांनी पाऊण तास दिलेला, पुढं राणीची बाग आणि गेटवे उरकायचं होतं. त्यातला निम्मा वेळ मी एकाच जागी घालवला. फिरतं स्टूल, त्यावर बसायचं, आणि हातात दोन मुठींचं सायकलचं चाक. चाक जोरात फिरवून उभं धरलं तोवर काही नाही. आडवं केलं की स्टूल आपल्यासकट वळायला लागतं. दुसऱ्या बाजूला आडवं करा, उलटं वळतं. पाय वर घेतलेले, ढकलणारं कोणी नाही. चाक मनगटाला असा हिसका देतं की कोनीय संवेग, म्हणजे फिरत्या वस्तूची तशीच फिरत राहण्याची ओढ, हा शब्द पुढं कधी पाठ करावा लागला नाही.

पुढं दाजींच्या शाळेत प्रदर्शन होतं म्हणून तेच बनवून दिलं. चाकाच्या रिंगवर जाड तार गुंडाळून ते जड केलं. वजन जेवढं कडेला, तेवढा हिसका जास्त. खाली आधी एकच 6204 नंबरचं बेअरिंग टाकलं, तर स्टूल डुगडुगायला लागलं. मग पाइपात वर-खाली दोन बसवली. तरी वळेना. ग्रीस घट्ट होतं, चाकाचा सगळा जोर त्यातच जिरत होता. पेट्रोलनं धुऊन काढलं, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले, आणि मग काय फिरलं म्हणता!

तीन दिवस पोरांची रांग. चौथ्या दिवशी एक मूठ निघाली. दाजींनी लगेच ते काचेच्या कपाटात ठेवलं आणि बाहेर चिठ्ठी चिकटवली, "हात लावू नये". मी म्हटलं, दाजी, दहा मिनिटांत मूठ बसवून देतो. तर म्हणाले, "पाव्हणं, पोरांना खेळ पाहिजे, विज्ञान कुणाला पाहिजे?"

आता इतिहास, आणि हा दाजींनीही वाचावा. 1969 साली सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम, म्हणजे हात लावून बघायचं विज्ञान म्युझियम, काढलं फ्रँक ओपेनहायमरनं, म्हणजे अणुबॉम्बवाल्या रॉबर्टच्या धाकट्या भावानं. पूर्वी कम्युनिस्ट पक्षात होता म्हणून त्याची विद्यापीठातली नोकरी गेली होती. मग कोलोरॅडोत गुरं पाळली आणि तिथल्या शाळेत विज्ञान शिकवलं. म्युझियमचं वर्कशॉप त्यानं आत कुठं लपवलं नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं ठेवलं. मोडलेली वस्तू तिथंच दुरुस्त व्हायची. तोही शाळामास्तरच होता की!

आपल्याकडं कोलकात्याचं बिर्ला विज्ञान म्युझियम 1959 चं. वरळीत 1977 ला प्रकाश आणि दृष्टी या विषयावरचं प्रदर्शन आलं, 1979 ला मुलांची विज्ञान बाग झाली, आणि 11 नोव्हेंबर 1985 ला राजीव गांधींच्या हस्ते पूर्ण केंद्राचं उद्घाटन झालं.

बघायचं म्हणाल तर बागेपासून सुरुवात करा. वाफेचं इंजिन आहे, 1964 ला मुंबईतून बंद झालेली ट्राम आहे, हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचं मारुत हे लढाऊ विमान आहे. समोरासमोर दोन मोठ्या तबकड्या असतात, एकीत तोंड घालून कुजबुजलं की लांबच्या दुसरीपाशी उभ्या असलेल्याला स्पष्ट ऐकू येतं. आतली दालनं एका दिवसात सगळी होत नाहीत, तो हट्टच करू नका. पोरगं एखाद्या ठिकाणी अडकलं तर हात धरून ओढायचं नाही. पाटीसुद्धा आधी वाचून दाखवायची नाही.

रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडा, सकाळी दादरला उतरा, पश्चिम रेल्वेच्या लोकलनं महालक्ष्मी स्टेशन. अंबाबाईच्या गावातून महालक्ष्मीनं महालक्ष्मीला.

हां, एक सांगायचं राहिलं. काही वस्तू बंद असतात, हजारो हात लागल्यावर असणारच. सहलींच्या दिवसांत गर्दी असते, पाचाच्या आतलं मूल कंटाळतं. आणि नेहरू तारांगण वेगळं आहे, वरळीतच, पण दुसऱ्या इमारतीत. रिक्षा-टॅक्सीवाले घोळ घालतात. रिक्षावाले नाहीत तिथं, टॅक्सीवालेच.

खर्च जमत नसेल तर पुढच्या वर्षी जा, पण तोवर घरातलं जुनं सायकलचं चाक भंगारात देऊ नका. मूठ, पाइप, बेअरिंग माझ्याकडं आहेत. दाजींसाठी 6204 ची एक जोडी ड्रॉवरमध्ये अजून ठेवलीय, कपाटाची चावी तेवढी त्यांच्याकडं आहे.