पुण्यात ऑप्टिशियनची नोकरी: २२,४५० चं पॅकेज घ्यावं की १६,५०० रोख?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीहून पुण्यात येताय, ऑप्टोमेट्रीचा दोन वर्षांचा डिप्लोमा आहे, आणि तिथल्या दुकानात तीन वर्षं नंबर काढणं आणि फिटिंग अशी दोन्ही कामं केली आहेत. हातात दोन ऑफर आहेत. बाणेरला एका चेनच्या शोरूममध्ये महिना २२,४५० चं पॅकेज. सकाळी दहा ते रात्री नऊ, मध्ये तासभर जेवण, आठवड्याला एक सुट्टी. दुसरी शनिवार पेठेतल्या जुन्या घरगुती दुकानात १६,५०० रोख. दहा ते दीड, मग साडेचार ते साडेआठ, सोमवारी बंद. कुठे जावं आणि जास्त मागायचे तर कशाच्या जोरावर?

आधी पॅकेज फोडा. २२,४५० हा तुमचा पगार नाही, कंपनीला तुमच्यावर येणारा खर्च आहे. समजा एकूण पगार २०,००० आणि पीएफ १५,००० वर धरलाय. कंपनीचा पीएफचा हिस्सा १२ टक्के म्हणजे १,८००, ईएसआयसीचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, ३.२५ टक्के म्हणजे ६५०. झाले २२,४५०. आता तुमच्याकडून कापले जाणार पीएफचे १,८००, ईएसआयसीचे ०.७५ टक्क्याने १५० आणि व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. हातात १७,८५०. महिलांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणजे त्यांच्या हातात १८,०५०. काही कंपन्या ग्रॅच्युइटी आणि 'अपेक्षित इन्सेन्टिव्ह'सुद्धा पॅकेजच्या आकड्यात घालतात, तेव्हा हातातली रक्कम आणखी खाली येते. म्हणून एचआरला एकच वाक्य विचारा: "महिना भरला की बँकेत किती जमा होतील?" उत्तर तोंडी नको, पगाराचा तक्ता मेलवर मागा.

आता तास मोजा. चेनमध्ये दिवसाचे दहा तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २६० तास. १७,८५० भागिले २६० केले की तासाला साधारण ६९ रुपये. पेठेतल्या दुकानात साडेसात तासांचे २६ दिवस, १९५ तास. तिथे तासाला ८५ रुपये पडतात. पण चेनच्या बाजूला पीएफ आहे. तुमचे १,८०० आणि कंपनीचे १,८०० मिळून ३,६०० दर महिन्याला तुमच्या नावावर जातात, त्यांतले १,२५० पेन्शन योजनेत आणि उरलेले खात्यात. ते धरले की चेनचा दरही तासाला ८२-८३ वर येतो. म्हणजे कागदावर सहा हजारांनी लांब दिसणाऱ्या दोन ऑफर जवळजवळ सारख्याच आहेत. फरक पडतो तो पुढच्या गोष्टींनी.

चेनचं पहिलं दुखणं तास. दिवसाला दहा म्हणजे आठवड्याला साठ. कायद्याने आठवड्याला ४८ तासांवरचं काम ओव्हरटाइम धरलं जातं आणि त्याचा दर दुप्पट असतो. साठ तासांचं वेळापत्रक समोर ठेवत असतील तर वरच्या बारा तासांचं काय, हे सरळ विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "शिफ्ट असतात, एवढं बसावं लागत नाही." मग शिफ्टचा चालू महिन्याचा तक्ता बघायला मागा. दहा ते सात आणि बारा ते नऊ अशा दोन पाळ्या खरोखर लागत असतील तर तुमचे तास दिवसाला आठ होतात, आणि ती ऑफर एकदम चांगली होते. तक्ता दाखवायला टाळाटाळ झाली तर साठ धरून चला.

दुसरं इन्सेन्टिव्ह. टार्गेट दुकानाचं आहे की तुमचं एकट्याचं? ठरावीक टक्क्याच्या खाली गेलं तर पूर्ण शून्य होतं का? परत आलेला चष्मा वजा होतो का, आणि तो चष्मा दुसऱ्याने बिघडवला असेल तरी? जिथे जाणार त्या शोरूमला गेल्या सहा महिन्यांत किती महिने इन्सेन्टिव्ह मिळालं, हे तिथे काम करणाऱ्या मुलांना बाहेर चहाला गाठून विचारा. मॅनेजर सांगतो तो सर्वांत चांगला महिना असतो. माझं स्पष्ट मत: घरभाडं आणि मेस यांचा हिशोब नक्की पगारावरच बसवा, इन्सेन्टिव्ह मिळालं तर मिळालं.

पेठेतल्या दुकानाचं दुखणं वेगळं. दुपारी दीड ते साडेचार दुकान बंद हे पुणेकराला सुख, पण खोली हडपसरला किंवा चिंचवडला घेतलीत तर ते तीन तास वाया जातात आणि दिवस साडेदहा तासांचाच होतो. ही नोकरी घ्यायची तर खोली पेठांत, नारायण किंवा सदाशिवमध्ये, चालत जाता येईल अशी बघा. नाहीतर निदान मेट्रोच्या मार्गावर घ्या. मंडई आणि कसबा पेठ स्टेशनांमुळे आता पेठेत ये-जा पूर्वीपेक्षा सोपी आहे. मग दुपारी घरी जाऊन जेवता येतं.

रोख पगाराचा तोटा लगेच दिसत नाही. स्लिप नाही म्हणजे कर्ज नाही, आणि पुढच्या नोकरीत 'आधी किती मिळत होते' याला पुरावा नाही. वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानाला पीएफ आणि दहापेक्षा कमी असलेल्याला ईएसआयसी साधारणपणे बंधनकारक नाही, त्यामुळे तिथे त्याचा आग्रह धरून उपयोग नाही. पण पगार बँकेत जमा करणं आणि नेमणुकीचं पत्र देणं याला मालकाचा काही खर्च नाही; ते मागाच. किमान वेतन मात्र छोट्या दुकानालाही लागू असतं. 'दुकाने व व्यापारी आस्थापना' या गटाचे दर राज्याचा कामगार विभाग कुशल, अर्धकुशल, अकुशल असे देतो आणि त्यातला विशेष भत्ता १ जानेवारी व १ जुलैपासून बदलतो. डिप्लोमा असलेल्या माणसाने स्वतःला कुशलच्या रांगेत धरायचं. चालू सहामाहीचा कागद काढून आकडा बघा. १६,५०० त्याच्या खाली पडत असतील तर बोलणी तिथूनच सुरू होतात.

आता जास्त मागण्याचा जोर. 'मला तीन वर्षांचा अनुभव आहे' या वाक्यावर कोणी पैसे वाढवत नाही. चष्म्याच्या धंद्यात मालकाचा पैसा गळतो तो रिमेकमध्ये, म्हणजे परत आलेला चष्मा पुन्हा बनवून देण्यात. समजा दुकानात महिन्याला २०० ऑर्डर आहेत, त्यांतल्या बारा परत येतात आणि काच, मजुरी धरून प्रत्येकीला ७०० जातात, ८,४०० गेले. ते निम्म्यावर आणणारा माणूस मालकाचे ४,२०० वाचवतो आणि त्यातले दोन हजार निवांत मागू शकतो. म्हणून मुलाखतीत तुम्हीच विचारा: महिन्याला ऑर्डर किती, परत येतात किती, जास्त कशाने? हा प्रश्न ऐकला की मालकाची बसण्याची पद्धत बदलते.

आणि मग ते करून दाखवता आलं पाहिजे. चांगली दुकानं अर्धा दिवस ट्रायल घेतात. लेन्सोमीटरवर नंबर वाचायला देतील, ट्रान्सपोझिशन, म्हणजे तोच नंबर दुसऱ्या पद्धतीने लिहिणं, विचारतील: +१.०० / −२.०० × १८० उलटा केला की −१.०० / +२.०० × ९०. हे तोंडपाठ हवं. नंतर फ्रेम देतील, ५२-१८ ची, म्हणजे काच ५२ मिमी रुंद आणि नाकावरचं अंतर १८. फ्रेमची पीडी (दोन काचांच्या मध्यांमधलं अंतर) ७०, गिऱ्हाइकाची (दोन बुबुळांमधलं अंतर) ६२, म्हणजे प्रत्येक डोळ्याला ४ मिमी आत घ्यायचं. फ्रेमचा सर्वांत लांब व्यास ५४ असेल तर ५४ अधिक ८ अधिक २ मिमी सुटीचे, कमीत कमी ६४ चं ब्लँक, म्हणजे न कापलेली गोल काच, लागेल. ६० चं घेतलं तर कडेला काच कमी पडणार. सहा नंबरची काच ५ मिमी सरकली तर ३ प्रिझम तयार होतो, म्हणजे दिसणारं चित्र बाजूला सरकतं, आणि गिऱ्हाईक डोकं दुखतं म्हणून परत येतं. नंबर बरोबर असून तक्रार आली की आधी सेंटर तपासायचं ते याचसाठी.

खरी परीक्षा प्रोग्रेसिव्हची, म्हणजे लांबचं आणि जवळचं एकाच काचेतून दिसणाऱ्या चष्म्याची, कारण तिथला रिमेक सर्वांत महाग. सगळ्यात जास्त चूक होते ती क्रमात: फ्रेम नवी कोरी, न बसवलेली असतानाच उंची मोजली जाते, मग डिलिव्हरीच्या दिवशी नोजपॅड आणि काड्या नीट केल्या की फ्रेम दीड-दोन मिमी खाली येते आणि सगळं माप फुकट. आधी फ्रेम नाकावर बसवा, पुढचा झुकाव आठ-दहा अंशांच्या आसपास आणा, मग डमी काचेवर बुबुळाच्या मध्यावर खूण करा, स्वतःचा डोळा गिऱ्हाइकाच्या डोळ्याच्या पातळीला ठेवून. पीडी दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी घ्या. ६२ म्हणजे ३१-३१ असं धरू नका, ३०-३२ निघणं अगदी नेहमीचं आहे.

तक्रार आली तर काचेवरच्या दोन कोरीव खुणा शोधा. त्या ३४ मिमी अंतरावर असतात; कंपनीच्या चार्टवर काच ठेवून मार्किंग पुन्हा काढा, त्यातला क्रॉस बुबुळाच्या मध्यावर यायला हवा, आणि चष्मा चेहऱ्यावर घालून बघा. लांबचं बघायला हनुवटी खाली घ्यावी लागते, जिना उतरताना तरंगतं: क्रॉस वर गेलाय. वाचायला मान फार वर करावी लागते: क्रॉस खाली आहे. वाचताना चेहरा एका बाजूला वळवतो: एका डोळ्याची पीडी चुकली. क्रॉस एक-दोन मिमीने चुकला असेल तर पुष्कळदा नोजपॅडवरच काम होतं, नवी काच लागत नाही. हे मालकासमोर पाच मिनिटांत केलंत तर पुढची बोलणी सोपी जातात.

फिटिंगमध्ये सप्राची (खालून काच तारेने धरलेल्या अर्ध्या फ्रेमची) तार आणि रिमलेसचं ड्रिलिंग येत असेल तर आवर्जून सांगा. तार आखूड कापली तर ताणाने काचेची कड उडते, लांब राहिली तर चष्मा पुसताना काच निसटते. रिमलेसला साध्या १.५६ इंडेक्सच्या काचेला भोकाशी तडा जातो. पॉलीकार्बोनेट किंवा १.६० सुचवायची, आणि पॉलीला अ‍ॅसिटोन लावायचा नाही, काच धुरकट होते. शेल (प्लास्टिकची) फ्रेम तापवताना रिमच तापवायची. काचेला उष्णता लागली की कोटिंगला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात. अशी फुटतूट पगारातून कापू असं कोणी म्हटलं तर आधीच स्पष्ट करा: तुमच्या निष्काळजीपणाने नुकसान झालं असेल आणि तुमचं म्हणणं ऐकून घेतलं असेल, तरच कपात करता येते. महिनाअखेर सरसकट 'ब्रेकेज ५००' हा प्रकार चालत नाही.

या दोन ऑफरवरच अडून बसू नका. जागा कुठे रिकामी आहे हे नोकरीच्या साइटपेक्षा काचेच्या कंपन्यांच्या सेल्समनना आणि फिटिंग लॅबवाल्यांना आधी कळतं. दिवसाला दहा-पंधरा दुकानं त्यांच्या पायाखालून जातात. सांगलीत तुमच्या दुकानात येणाऱ्या सेल्समनकडून त्याच्या पुण्याच्या सहकाऱ्याचा नंबर घ्या. स्वतः फिरायचं तर मंगळवार-बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास. शनिवार-रविवार संध्याकाळी बायोडेटा घेऊन दुकानात शिरलात तर नकारच मिळेल. नंबर काढण्यात रस जास्त असेल तर डोळ्यांच्या रुग्णालयांतही विचारा: मोहम्मदवाडीचं देसाई रुग्णालय, शिवाजीनगरचं नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी. रुग्णालयात विक्रीचं टार्गेट सहसा मागे नसतं आणि मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहाचे पेशंट रोज बघायला मिळतात. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांना नंबरचे सेफ्टी चष्मे पुरवणारे लोकही फिटिंगवाल्या माणसाच्या शोधात असतात. त्या कामाकडे फार कोणाचं लक्ष जात नाही.

नेमणुकीच्या पत्रात पद काय लिहितात ते वाचा. काम डोळे तपासण्याचं आणि पद 'सेल्स एक्झिक्युटिव्ह' असेल तर तीन वर्षांनी तपासणीचा अनुभव दाखवता येणार नाही. २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याने ऑप्टोमेट्रिस्ट हा संलग्न आरोग्य व्यवसायांत आलाय, तेव्हा पद बरोबर लिहून घेण्याचं महत्त्व वाढलंय.

मी तुमच्या जागी असतो तर चेनकडे दोन पाळ्यांचा तक्ता आणि पद लेखी मागितलं असतं. दोन्ही मिळालं तर बाणेर. नाही मिळालं तर पेठेत, पण १८,५०० बँकेत आणि सहा महिन्यांनी रिमेकचे आकडे समोर ठेवून पुन्हा बोलणी, या अटीवर. चेनमध्ये वाढ मागताना एक लक्षात ठेवा: एकूण पगार २१,००० च्या वर गेला की ईएसआयसी सुटते. चालू सहामाही, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, तेवढी पुरी होईपर्यंत ती राहते. घरात आजारी माणूस असेल तर २०,९०० वरून २१,२०० ला जाण्यात तोटाच आहे. वाढ घ्यायची तर थेट २३,००० च्या पुढची घ्या. आणि मूळ प्रमाणपत्रं कोणाकडेही जमा करू नका. पडताळणीला दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ कागद त्याच दिवशी घरी घेऊन या.