तुमचे प्रश्न: मागाच्या आवाजाला रबराचं शीट चालतं का?

प्रश्न: आमचं घर साखर पेठेत, मागच्या भिंतीला लागूनच मागांचा कारखाना, मधली भिंत ९ इंची विटांची आणि कारखान्यावर पत्रा. दिवसभर धोट्याची खटाखट. एक विक्रेता म्हणतो लोखंडाची पावडर घातलेलं ३ मिमीचं रबर शीट भिंतीला लावा, आवाज बंद, वर मोबाइलचं रेडिएशनपण अडतं. किंमत ऐकून घाम फुटला, घेऊ का?
– एक वाचक ताई, सोलापूर

उत्तर: ताई, भिंतीला तर अजिबात नको. आवाज अडवायला मुख्य लागतं ते वजन, पावडर घालतात ती त्यासाठीच. साधं रबर पाण्याहून किंचित हलकं, लोखंड जवळपास ८ पट जड, म्हणून ३० टक्के जागा लोखंडाने भरली की ३ मिमीचं शीट चौरस मीटरला ९ किलोपर्यंत जातं. पण तुमची विटांची भिंत आधीच चौरस मीटरला ४०० किलोच्या आसपास, तिथे ९ किलोने काय होणार, कानाला कळणारसुद्धा नाही. हेच शीट कारखान्याच्या अर्धा मिमी पत्र्याला आतून चिकटवलं तर गोष्ट वेगळी, पत्रा ४ किलोचा, तो एकदम १३ किलोचा होतो, हिशोबाने १० डेसिबलचा फरक, शिवाय रबर मऊ म्हणून पत्रा थरथरायचा थांबतो ते वेगळंच. अर्थात छपराखाली फटी उघड्या राहिल्या तर सगळं पाण्यात, आवाज तिथूनच येणार. आणि दणका जमिनीतून येत असेल तर मागाच्या पायांखाली पॅड पाहिजेत, त्यासाठी मालकाशीच बोलावं लागेल. बराइटची (हे एक जड खनिज) पावडर घातलेलं स्वस्त शीटपण चालतं, वजन महत्त्वाचं, धातूच पाहिजे असं नाही.

रेडिएशनचं म्हणाल तर ती नुसती बडबड. नेटवर्क खिडकीतून येतच राहणार.

प्रश्न: मी डिप्लोमाला आहे, इलेक्ट्रिक पॅनलच्या दरवाजाला शिल्डिंग गॅस्केट (रेडिओ लहरी अडवणारी, करंट वाहणारी रबरी पट्टी) करायला साध्या रबरात तांब्याची पावडर मिसळली, निम्मं वजन तांब्याचं, तरी मल्टिमीटर काहीच दाखवत नाही.

उत्तर: निम्मं वजन ऐकायला भरपूर वाटतं, पण तांबं इतकं जड की जागा जेमतेम १० टक्के भरली असेल. करंट जायला कण एकमेकांना टेकून या टोकापासून त्या टोकापर्यंत साखळी व्हायला लागते, त्यासाठी साधारण २० टक्के जागा भरायला हवी, म्हणजे वजनाने ७० टक्के तांबं पाहिजे. तोवर काहीच नाही आणि एकदा साखळी जुळली की रेझिस्टन्स धाडकन पडतो. त्यात तांब्यावर ऑक्साइडचा थर येतो आणि नैसर्गिक रबराला तांबं म्हणजे विष, हळूहळू ते चिकट होऊन तडे जातात. म्हणून बाजारात गॅस्केट सिलिकॉनमध्ये करतात, चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची नाहीतर निकेलचा मुलामा दिलेली ग्रॅफाइटची पावडर घालून. ती मिळाली तर मोजताना पट्टी दोन पत्र्यांत दाबून मोज, सैल ठेवलीस तर रीडिंग चुकीचं येईल.