आईच्या डोक्यातलं कागदावर यायला हवं

चि. मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

लॉस एंजेलिसच्या बालरुग्ण क्लिनिकमध्ये केअर कोऑर्डिनेटर म्हणून तू रुजू होते आहेस. तुझ्या यादीतल्या बऱ्याचशा मुलांच्या आया मेक्सिको, ग्वाटेमाला, एल साल्वादोरहून आलेल्या असतील. कुणाला सेरेब्रल पाल्सी, कुणाला फिट्स, कुणाला ऑटिझम, तर कुणी पोटातल्या नळीवाटे जेवणारं. या आयांना आपल्या मुलाचं सगळं तोंडपाठ असतं, पण फाइलमध्ये त्यातलं फारसं काही नसतं. आणि तिथे सेवा मंजूर होतात त्या फाइल बघून. तिच्या डोक्यातलं कागदावर आणणं हे तुझं निम्मं काम समज.

पहिल्या भेटीआधी दुभाषी पक्का कर. नुसतं ‘स्पॅनिश’ लिहून मोकळी होऊ नकोस. मेक्सिकोतल्या वाहाकाकडच्या कित्येकींची भाषा मिश्तेक किंवा झापोतेक असते, ग्वाटेमालातल्या अनेकींची किचे. स्पॅनिश त्यांना कामापुरतं येतं आणि तसं सांगायला त्या संकोचतात. ‘घरी मुलाशी कोणत्या भाषेत बोलता?’ असं विचारलंस की उलगडा होईल. दुभाषी असला की वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, म्हणून 20 मिनिटांची भेट 40 ची करून घे. बोलताना दुभाष्याकडे नको, आईकडे बघ, आणि दोन वाक्यांनंतर थांब. सोबत आलेल्या बारा वर्षांच्या बहिणीकडून भाषांतर करून घेऊ नकोस. तातडीचा प्रसंग सोडला तर अमेरिकेच्या आरोग्य कायद्यालाही ते मान्य नाही. शिवाय आईला दुखवणारं वाक्य ती पोर गाळते आणि नेमकं तेच महत्त्वाचं असतं.

‘समजलं का?’ हा प्रश्न बाद कर. डॉक्टरांचा मान राखायचा म्हणून ती ‘हो’च म्हणणार. ‘आज रात्रीचा डोस कसा द्याल, मला भरून दाखवा’ असं म्हण आणि सिरिंज तिच्या हातात दे. फिट्सवरचं लेव्हेटिरासिटॅमचं पातळ औषध साधारणपणे 1 मिलीला 100 मिलिग्रॅम असतं, म्हणजे 350 मिलिग्रॅमचा डोस 3.5 मिली. त्या रेघेवर रंगीत टेप लाव. स्वयंपाकघरातला चमचा कधीही सांगायचा नाही, माप मिलीतच. घोळ होतो तो पुढे. डॉक्टर फोनवर डोस वाढवतात आणि सिरिंजवर टेप जुनीच राहते. म्हणून डोस बदलला की त्याच दिवशी जुनी सिरिंज टाकायला सांग. कॅलिफोर्नियात मागितल्यास फार्मसीला औषधाच्या सूचना स्पॅनिशमध्ये द्याव्या लागतात, पण मागावं लागतं.

घरगुती उपायांबद्दल विचारताना भुवई उंचावू नकोस. आपल्याकडे दृष्ट काढतात तशी तिकडे अंड्याने काढतात, त्याने काही बिघडत नाही. पण पोट धरलं म्हणून काही घरांत आसार्कोन नावाची नारिंगी किंवा ग्रेता नावाची पिवळी पूड देतात, आणि ती म्हणजे निव्वळ शिशाची संयुगं. चिमूटभरसुद्धा घातक. दिल्याचं कळलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं तपासायला लाव. ओरडलीस तर पुढच्या वेळी ती तुला काहीच सांगणार नाही.

आता कागद. मुलाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. एका ठिकाणी पहिल्या आडनावाने फाइल उघडलेली, दुसरीकडे दुसऱ्या. एमआरआयचा रिपोर्ट ‘मिळत नाही’ म्हणाले की दोन्ही आडनावांनी शोध. जन्मतारीखही पडताळ, कारण आपल्यासारखंच त्याही आधी दिवस लिहितात आणि अमेरिकन माणूस आधी महिना वाचतो.

मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर रीजनल सेंटरकडे, म्हणजे वाढीत अडचणी असलेल्यांना सेवा मिळवून देणाऱ्या केंद्राकडे, पाठव. तिथून 45 दिवसांत तपासणी आणि सेवांची योजना व्हायला हवी. तिसऱ्या वाढदिवसाला ही जबाबदारी शाळेच्या डिस्ट्रिक्टकडे जाते आणि थेरपी तुटते ती नेमकी इथे. मूल अडीच वर्षांचं झालं की बदलाची बैठक मागून घे. शाळेकडे तपासणीची मागणी लेखी आणि तारीख घालून कर, प्रत आईच्या फाइलमध्ये ठेव. 15 दिवसांत तपासणीचा आराखडा येतो, आईने सही केल्यापासून 60 दिवसांत आयईपीची, म्हणजे त्या मुलापुरत्या खास शिक्षण-योजनेची, बैठक व्हावी लागते. या मुदतींतून शाळेच्या लांब सुट्ट्या वगळतात. बैठकीत दुभाषी आणि नंतर स्पॅनिश प्रत हा तिचा हक्क आहे. हजेरीची सही वेगळी आणि संमतीची वेगळी, हे आधीच समजाव. घरी नेऊन वाचून मगच संमती द्यायची, आणि पटलेल्या भागापुरती देता येते.

आयएचएसएस म्हणजे घरी काळजी घेण्याच्या तासांचे पैसे देणारी सरकारी योजना. तिच्या तासांसाठी अर्ज करताना खरी पंचाईत होते. ‘रात्री काय काय करावं लागतं?’ विचारलं तर आई म्हणेल, काही नाही, आईच आहे मी. त्यामुळे तास कमी मंजूर होतात. तिला आठवडाभर वही लिहायला लाव: वेळ, काय केलं, किती मिनिटं. रात्री दोनला कूस बदलली, तीनला कफ खेचला, मुलाने दाराची कडी काढली, गॅसकडे धावला. बौद्धिक अडचणीमुळे ज्या मुलावर चोवीस तास नजर ठेवावी लागते, त्याला देखरेखीच्या निकषावर महिन्याला 283 तासांपर्यंत मिळू शकतात. डॉक्टरांचा फॉर्म भरताना ती वही समोर असू दे. तासांचे पैसे घ्यायला मात्र काम करण्याचा परवाना लागतो. तो नसेल तर ते काम परवाना असलेला नातेवाईक करू शकेल का, ते बघ.

भीतीचं काय? ‘पब्लिक चार्ज’चा, म्हणजे सरकारी मदतीवर अवलंबून राहील अशा माणसाला ग्रीन कार्ड नाकारण्याचा, 2019 चा कडक नियम 2021 मध्ये गेला, तरी धास्ती उरली, आणि 2025 मध्ये मेडिकेडची (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्याची) माहिती इमिग्रेशन खात्याशी संबंधित यंत्रणेला दिल्यावर ती वाढली. ‘काही होणार नाही’ असं वचन देऊ नकोस, तो अधिकार आपला नाही. इमिग्रेशनच्या मोफत वकिलाकडे पाठव. तिच्याकडे कागदपत्रं आहेत की नाहीत, हे चार्टमध्ये लिहू नकोस.

आणि तिला दुसऱ्या आयांशी जोडून दे. 1978 पासून लॉस एंजेलिसमध्ये फिएस्ता एदुकातिवा ही लातिनो कुटुंबांची संस्था हेच काम करते. रीजनल सेंटरकडे रेस्पाइटचे, म्हणजे आईला विसावा मिळावा म्हणून दुसऱ्या कुणी मूल सांभाळण्याचे, तास माग, ते आपणहून क्वचितच देतात. फोन आईची शिफ्ट सुटल्यावर कर, आणि नंबर लपवलेला नको, असे फोन त्या उचलत नाहीत.