स्टारक्राफ्ट २ या स्ट्रॅटेजी गेममध्ये सगळ्यात फास्ट ओपनिंग (म्हणजे सुरुवातीला काय कोणत्या क्रमाने बनवायचं ते) कॉम्प्युटरकडून शोधून घेता येते का?

हो, येते, आणि २०१० मध्येच हे करून झालंय. इव्होल्यूशन चेंबर नावाच्या प्रोग्रॅमने झर्ग या गेममधल्या जमातीसाठी ७ रोचवाली (रोच म्हणजे त्यांचं एक लढाऊ युनिट) ओपनिंग शोधली होती, जी बघून अनुभवी प्लेयरपण चकित झाले.

आधी छोटा सिम्युलेटर लिहायचा, त्यात ग्राफिक्स नको, फक्त मिनरल आणि गॅस (गेममधले पैसे), लार्वा (ज्यातून झर्गची युनिट बनतात), सप्लाय (किती युनिट ठेवता येतील त्याची मर्यादा) आणि वेळ. बिल्ड ऑर्डर म्हणजे अ‍ॅक्शनची यादी, पैसे नसले तर सिम्युलेटर थांबतो आणि जमले की पुढची अ‍ॅक्शन घेतो. मग अशा शेकडो रँडम याद्या बनवायच्या, चांगल्या ठेवायच्या, त्यांची सरमिसळ करायची, मधेच एखादी अ‍ॅक्शन घाल, काढ, जागा बदल, असं हजारो पिढ्या चालू द्यायचं.

खरी मेख स्कोअरिंगमध्ये आहे. फक्त "७ रोच झाले का" एवढंच बघितलं तर सुरुवातीला सगळ्यांनाच शून्य मिळतं आणि गाडी पुढे सरकतच नाही, म्हणून रोचसाठी आधी लागणाऱ्या इमारती, म्हणजे स्पॉनिंग पूल झाला, रोच वॉरन झालं, एक रोच आला, अशा प्रत्येक टप्प्याला थोडे मार्क द्या प्लीज, फरक लगेच दिसेल.

फक्त सिम्युलेटरमध्ये समोर कोणी लढत नसतं, त्यामुळे आलेली ओपनिंग खऱ्या मॅचमध्ये खेळून बघाच.